आजोबांचा वस्तरा आणि धनुर्वात

गेल्या महिन्यात एका पेशंटने रक्तदाब तपासून झाल्यावर पिशवीतून कागदाची पुडी काढली. "डॉक्टर, आजोबांचा वस्तरा सापडलाय. गंजलाय, मूठही तडकलीय. नीट करून वापरू का? धनुर्वात तर होणार नाही ना?" ही शंका तुमच्याही मनात असेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अमेरिकेतल्या कॉनकॉर्ड गावची गोष्ट. १ जानेवारी १८४२ रोजी लेखक हेन्री डेव्हिड थोरो यांचा मोठा भाऊ जॉन वस्तऱ्याला धार लावत होता. बोटाला किरकोळ कापलं. त्याने चिंधी बांधली आणि विसरून गेला. आठवड्याभरातच दातखीळ बसली. ११ जानेवारीला जॉन गेला.

हा वस्तरा अडगळीतला नव्हता, वापरातला होता. म्हणजे दोष गंजाचा नाही. धनुर्वाताचा जंतू माती, धूळ आणि शेणात असतो. तो पहिल्यांदा वेगळा करून दाखवला कितासातो शिबासाबुरो या जपानी शास्त्रज्ञाने, १८८९ मध्ये. जॉनच्या वेळी लसही नव्हती. आज आहे.

आता मुठीकडे वळू. वस्तऱ्याची मूठ म्हणजे पातं मिटून ठेवायच्या दोन पट्ट्या. पूर्वी त्या शिंग, हस्तिदंत किंवा लाकडाच्या असत. १८७० नंतर स्वस्त सेल्युलॉइड आलं. ते जुनं झालं की त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि आतलं पातं गंजतं. अशी मूठ बदललेलीच बरी. सेल्युलॉइड पटकन पेटतं, त्यामुळे ती तापवू नका.

नवी लाकडी मूठ घरी करता येते. खिळीचं डोकं कानशीने घासून ती काढायची. पात्यावर तेल लावून बारीक पॉलिश कागदाने गंज उतरवायचा, पण धारेपासून दूर राहायचं. ग्राइंडर नको, कारण पातं तापून निळं पडलं की पोलादाचं पाणी उतरतं. लाकडाच्या साधारण तीन मिलिमीटरच्या दोन पट्ट्या घ्यायच्या, शेपटाकडे मध्ये एक पाचर द्यायची आणि पितळी खिळी हलक्या हाताने ठोकायची. मिटल्यावर धार लाकडाला टेकता कामा नये. शिसवाच्या भुशाने काहींना त्वचेची ॲलर्जी होते, म्हणून घासताना मास्क लावा आणि नंतर हात धुवा.

एक गोष्ट मात्र लाकडाला जमत नाही. एकोणिसाव्या शतकात शल्यविशारदांच्या सुऱ्यांनाही लाकडाच्या आणि हस्तिदंताच्या सुबक मुठी असत. १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत मांडली आणि पुढे हत्यारं उकळून, वाफेवर निर्जंतुक करण्याची रीत आली. त्या उष्णतेत या मुठी तडकत आणि फटींत रक्त साचे. म्हणून ऑपरेशन थिएटरमधून लाकूड गेलं, सबंध धातूची हत्यारं आली.

तुमच्या वस्तऱ्यालाही तोच नियम. लाकडी मुठीचा वस्तरा घरी नीट निर्जंतुक करता येत नाही, म्हणून एक वस्तरा, एकच चेहरा. बापलेकांनीही वाटून घ्यायचा नाही. हिपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तात निदान सात दिवस टिकतो, आणि त्यासाठी डोळ्यांना दिसणारं रक्त लागत नाही. सलूनमध्ये नवं ब्लेड तुमच्यासमोर बसवायला सांगा, ते याचसाठी.

थोडक्यात:

• धनुर्वाताची लस दहा वर्षांत घेतली नसेल, तर काम सुरू करण्याआधी घ्या.
• कापलं तर वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा. जखम खोल किंवा मातीने माखलेली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.
• मधुमेह असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा हात थरथरत असेल, तर वस्तरा चेहऱ्याला लावू नका.

माझ्या पेशंटची रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. त्यांना म्हटलं, वस्तरा जरूर दुरुस्त करा, शिसवाची मूठ बसवा आणि आजोबांच्या फोटोखाली ठेवा. दाढीला साधं सेफ्टी रेझर बरं.