कोको शनेलची उरलेली गोष्ट

ब्रँडवर जीव टाकणाऱ्या मित्रांनो, शनेलची अर्धीच गोष्ट आपल्यापर्यंत येते. 1883 साली धर्मादाय दवाखान्यात जन्म, आई गेल्यावर अनाथाश्रम. पुढे पुरुषांच्या अंतर्वस्त्रांचं जर्सी कापड तिने श्रीमंत बायकांच्या अंगावर चढवलं. हे मोठंच काम!

पण तिच्या नावाच्या अत्तर कंपनीत तिचा वाटा फक्त 10 टक्के होता. तक्रार रास्तही असेल. मात्र 1941 मध्ये, नाझींच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये, तिने ज्यूविरोधी कायद्यांचा आधार घेऊन वर्थायमर बंधूंची मालकी मागितली. जन्म पाहून धन नाकारणारा कायदा आपल्याला नवा नाही. मनुस्मृतीने शूद्राला धनसंचयच नाकारला होता.

वर्थायमरांनी कंपनी आधीच फेलिक्स आमियो या ख्रिस्ती उद्योजकाच्या नावे केली होती. डाव फसला. आज शनेलचे मालक वर्थायमरच आहेत.