दोन चमचे साखर : स्कोनच्या इतिहासाचे एक वाचन

पाककृती हा वाङ्मयप्रकार मानावा की नाही, हा वाद तूर्त बाजूला ठेवू. परंतु पाककृती ही एक संहिता आहे, एवढे मान्य करायला हरकत नसावी. आणि तीही मोठी विस्मरणशील संहिता. ‘घ्या’, ‘चोळा’, ‘मिसळा’, ‘भाजा’ अशी आज्ञार्थी क्रियापदे तिच्यात एकामागून एक येतात. कर्ता अध्याहृत असतो, भूतकाळ नसतोच. जिन्नस कुठून आला, कोणी पिकवला, या कृतीत तो केव्हा शिरला, याविषयी ती अवाक्षर काढत नाही. ‘परंपरागत’, ‘घरगुती’, ‘आजीच्या हातचे’ ही विशेषणे तिला इतक्या सहज चिकटतात ती बहुधा यामुळेच.

अशाच एका साध्या पाककृतीचे वाचन येथे करायचे आहे. ती आहे गोड स्कोनची. स्कोन हा ब्रिटनमध्ये चहाबरोबर खाल्ला जाणारा लहानसा गोल पदार्थ. पावापेक्षा भुसभुशीत, केकपेक्षा कमी गोड. गरम असतानाच तो हाताने आडवा फोडायचा आणि त्यावर लोणी किंवा दाट साय आणि जॅम लावायचा, अशी रीत आहे. घरी तो करणे अवघड नाही. २५० ग्रॅम मैदा, तीन लहान चमचे बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, ५० ग्रॅम थंड लोणी, दोन मोठे चमचे साखर आणि साधारण १५० मिलिलिटर दूध. लोणी मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळून त्याचा रवाळ चुरा करायचा, साखर घालायची, दूध ओतून पीठ जेमतेम गोळा होईल इतपतच कालवायचे. मळायचे नाही, मळले की चिवटपणा आलाच. बोटभर जाडीचा थर थापून वाटीच्या कडेने गोल कापायचे आणि २२० अंशांवर तापवलेल्या ओव्हनमध्ये १२ ते १५ मिनिटे भाजायचे.

मी प्रथम ही कृती केली तेव्हा घरात बेकिंग पावडर नव्हती. खाण्याचा सोडा होता, तोच घातला. ओव्हनमधून जे बाहेर आले ते चपटे, पिवळसर आणि साबणासारख्या चवीचे होते. दुसऱ्या खेपेस सोडा बेताने घेऊन दुधाऐवजी आंबट ताक घातले, तेव्हा स्कोन फुगले. कारण उघड आहे. सोड्याला आम्ल भेटले की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि पिठाला हलके करतो. आम्ल भेटले नाही तर सोडा बहुतांशी जागच्या जागी राहतो आणि जिभेला जाणवतो. परंतु त्या फसलेल्या घाण्याने एक प्रश्न पुढे ठेवला. सोडा ही तर कारखान्यातली वस्तू. ती स्वयंपाकघरात येण्यापूर्वी हा ‘परंपरागत’ पदार्थ फुगत तरी कसा होता?

उत्तर असे, की तो असा फुगत नव्हता. आणि गोडही नव्हता.

‘स्कोन’ हा शब्द मात्र जुना आहे. ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाने नोंदवलेला त्याचा सर्वांत जुना लिखित वापर कोणत्याही पाकपुस्तकातला नाही. तो एका अनुवादातला आहे, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाला सुखावणारी आहे. गॅव्हिन डग्लस या कवीने १५१३ साली व्हर्जिलच्या ‘इनीड’चे स्कॉट्स भाषेत भाषांतर पूर्ण केले. महाकाव्याच्या सातव्या सर्गात ट्रॉयहून निघालेले भटके इटलीच्या किनाऱ्यावर उतरतात, धान्याच्या चपट्या पोळ्यांवर रानफळे ठेवून खातात आणि भूक भागेना तेव्हा खालच्या पोळ्याही खाऊन टाकतात. मग इनिअसचा मुलगा थट्टेने म्हणतो, की आपण तर आपली मेजेच खाल्ली. मेजे खाण्याची पाळी येईल तेव्हाच तुम्हाला भूमी लाभेल, अशी भविष्यवाणी पूर्वी झालेली असते; ती अशा विनोदी रीतीने खरी ठरते. या प्रसंगातल्या लॅटिन पोळ्यांसाठी डग्लसने आपल्या लोकांच्या तोंडचा शब्द वापरला : स्कोन. होमर किंवा व्हर्जिल मराठीत आणताना आपल्यालाही ‘भाकरी’चा मोह व्हावा, तसेच हे. त्याने नुसते ‘स्कोन’ न म्हणता पिठाच्या प्रतीचा निर्देश करणारे विशेषणही जोडले आहे. विशेषण जोडावे लागले, त्या अर्थी रोजचा स्कोन उंची पिठाचा नसावा, असे अनुमान काढता येते. मध्ययुगीन डच भाषेतील ‘उत्तम, शुभ्र पाव’ या अर्थाच्या शब्दापासून ‘स्कोन’ आला असावा, असे काही कोशकार मानतात. स्कॉटलंडच्या राजांचा राज्याभिषेक जेथे होई त्या स्कून या गावाशी मात्र पदार्थाचा संबंध नाही. अक्षरे सारखी असली तरी उच्चार वेगळा आहे.

रोजचा स्कोन कशाचा होता? ओटचा किंवा जवाचा. स्कॉटलंडच्या थंड, ओल्या हवेत गहू पिकवणे कठीण; ओट आणि जव ही तिथली खरी धान्ये. सॅम्युएल जॉन्सनने १७५५च्या आपल्या शब्दकोशात ओटची व्याख्या करताना इंग्लंडमधले घोडे आणि स्कॉटलंडमधली माणसे यांची जी खोचक सांगड घातली, ती इंग्रजीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ऐकलेली असते. गरिबाच्या घरात ओव्हन नसे. चुलीवर टांगलेला सपाट लोखंडी तवा, स्कॉट्स भाषेत ‘गर्डल’, हेच भाजण्याचे साधन. फाइफ परगण्यातील कलरॉस हे गाव अशा तव्यांसाठी प्रसिद्ध होते. १५९९ साली सहाव्या जेम्स राजाने ते बनवण्याचा विशेषाधिकार त्या गावाला दिला होता. या तव्यावर पीठ गोल थापायचे आणि चार भाग करून भाजायचे. म्हणजे तो स्कोन भाकरीचाच भाऊबंद होता.

या जवाच्या स्कोनला रॉबर्ट बर्न्सने कवितेत जागा दिली. ‘स्कॉच ड्रिंक’ या कवितेत तो जवाचे गुणगान करतो ते मुख्यतः मद्यासाठी. पण त्याच ओघात मऊ स्कोनच्या रूपाने हे धान्य स्कॉटलंडचे पोट कसे भरते, हेही सांगून जातो. ही कविता १७८६च्या जुलैअखेर किल्मारनॉक येथे छापल्या गेलेल्या त्याच्या पहिल्या संग्रहात आहे. हा संग्रह कोणत्या परिस्थितीत निघाला, ते येथे महत्त्वाचे आहे. शेतीत अपयश आलेले, जीन आर्मरच्या वडिलांनी लग्नाला नकार दिलेला. अशा स्थितीत बर्न्सने जमैकाला जाण्याचे ठरवले होते. तिथल्या एका मळ्यावर हिशेबनीसाची नोकरी त्याने पत्करली होती. मळ्यावरचा हिशेबनीस म्हणजे केवळ वह्या लिहिणारा कारकून नव्हे. गुलामांच्या कामावर देखरेख करणे हाही त्याच्या नोकरीचा भाग असे. संग्रह छापण्यामागे जहाजाचे भाडे उभे करावे हाही एक हेतू होता. पुस्तक गाजले, बर्न्स एडिंबराला गेला, जमैका राहून गेली.

हा योगायोग मला फार बोलका वाटतो. स्कॉटलंडच्या बिनसाखरेच्या, जवाच्या स्कोनचा गौरव करणारे पुस्तक निघाले ते जमैकाचे भाडे जमावे म्हणून; आणि जमैकाची सर्वांत मोठी निर्यात होती साखर. स्कोन आणि साखर अजून एका ताटात आले नव्हते, पण एका पुस्तकाच्या जन्मकथेत ते आधीच शेजारी बसले होते.

त्यांची प्रत्यक्ष भेट व्हायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. या भेटीची तयारी तीन बाजूंनी झाली. पहिली बाजू रसायनाची. कारखान्यात तयार होणारा सोडा स्वस्त झाला आणि ताकाच्या जोडीने चुलीपर्यंत पोहोचला. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याच्या पत्नीला यीस्ट सोसत नसे. तिच्यासाठी त्याने १८४३ साली सोडा आणि कोरडे आम्ल एकत्र करून बेकिंग पावडर बनवली. १८४५ साली ब्रिस्टलच्या हेन्री जोन्सने आपोआप फुगणाऱ्या पिठाचे एकस्व घेतले. दुसरी बाजू चुलीची. बाजूला ओव्हन असलेल्या बंदिस्त लोखंडी शेगड्या मध्यमवर्गीय घरांत आल्या आणि तव्यावरचा चपटा स्कोन ओव्हनमध्ये जाऊन उंच झाला. तिसरी बाजू चहाची. दुपारचा चहा उच्चवर्गातून खाली झिरपला. ग्लासगोत केट क्रॅन्स्टन हिने १८७८पासून चहागृहे काढली. सोबत काहीतरी गोडसर हवे झाले.

उरली साखर. ब्रिटनमध्ये साखरेवरील आयातकर १८७४ साली पूर्णपणे उठला आणि साखर मजुराच्या घरातही रोजची झाली. परंतु ती स्वस्त होण्याचा इतिहास त्याहून जुना आहे आणि त्यात स्कॉटलंडचा वाटा मोठा आहे. ग्लासगोच्या व्यापाऱ्यांचे वेस्ट इंडीजमध्ये मळे होते, क्लाइड नदीच्या मुखाजवळचे ग्रीनॉक हे साखर शुद्ध करण्याचे मोठे केंद्र होते. ग्लासगो विद्यापीठाने २०१८ साली आपल्याला मिळालेल्या देणग्यांमागे गुलामगिरीचा पैसा किती होता याचा अहवालच प्रसिद्ध केला.

हे तेव्हाच्या गृहिणींना ठाऊक नव्हते, असे म्हणता येत नाही. १७९१ साली विल्यम फॉक्सच्या एका पत्रकाने वेस्ट इंडीजची साखर वर्ज्य करण्याचे आवाहन केले. सुमारे तीन लाख लोकांनी ती सोडली, असा अंदाज थॉमस क्लार्कसनने नोंदवला आहे. मताधिकार नसलेल्या स्त्रियांच्या हाती घरची खरेदी होती आणि तेवढ्या अधिकाराचे त्यांनी राजकारण केले. १८२०च्या दशकात ही चळवळ पुन्हा उभी राहिली. आपल्यातली साखर गुलामांच्या श्रमांची नसून पूर्वेकडच्या हिंदुस्थानची आहे, असे जाहीर करणारी साखरदाणी टेबलावर ठेवली जाई. एखाद्या भांड्याने पाककृतीचे मौन मोडल्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे.

गुलामगिरी संपवणारा कायदा १८३३ साली झाला, पण मळे संपले नाहीत. १८३४पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले जाऊ लागले. १९२०पर्यंत ही संख्या साडेचार लाखांच्या आसपास गेली. त्यांत मुंबई इलाख्यातून, विशेषतः कोकणातून गेलेले मराठी भाषकही होते. त्यांचे वंशज आजही तेथे आहेत आणि मराठी तेथे शिकवली जाते. ब्रिटनमधल्या एखाद्या विशिष्ट स्कोनमधली साखर कोकणी हातांनी तोडलेल्या उसाची होती, असा दावा अर्थातच करता येणार नाही. शतकाच्या अखेरीस तर युरोपातल्या बीटची साखर ब्रिटनच्या बाजारात भरून राहिली. परंतु मॉरिशस ही साम्राज्यातील साखरेच्या मोठ्या उत्पादकांपैकी एक वसाहत होती. इंग्रजी चहाच्या टेबलाशी आपला संबंध केवळ ग्राहकाचा किंवा अनुकरणाचा आहे, ही समजूत तेवढ्याने तरी सोडावी लागते.

एडवर्ड सैदने ‘कल्चर अँड इम्पीरियलिझम’ (१९९३) या ग्रंथात जेन ऑस्टेनच्या ‘मॅन्सफील्ड पार्क’चे वाचन केले, तेव्हा कादंबरीत ओझरत्या येणाऱ्या अँटिग्वाच्या मळ्यावर त्याने बोट ठेवले. वाड्याचे स्थैर्य त्या न दाखवलेल्या मळ्यावर उभे आहे, हे त्याचे म्हणणे. ते सर्वांना पटले नाही, पण त्यानंतर ती कादंबरी पूर्वीसारखी वाचता येईना. पाककृतीतील ‘दोन चमचे साखर’ हा असाच एक ओझरता उल्लेख आहे. फरक एवढाच, की कादंबरीत निदान बेटाचे नाव तरी येते.

१९२९ साली एफ. मॅरियन मॅकनील या ऑर्कनीच्या लेखिकेने ‘द स्कॉट्स किचन’ हे पुस्तक लिहिले. स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटलेली ही लोकसंस्कृतीची अभ्यासक. लुप्त होत चाललेल्या पाककृती तिने जपल्या आणि जागोजागी त्यांना स्कॉटिश साहित्यातील उताऱ्यांची जोड दिली. पाककृतीला स्मृती देण्याचा तो एक मोलाचा प्रयत्न होता. मात्र ती स्मृती राष्ट्राची होती. तव्याची आठवण त्या पुस्तकाने राखली. मळ्याची आठवण राखणे हे काम पुढच्या वाचकांवर आले.

मग गोड स्कोन करायचेच नाहीत काय? असा निष्कर्ष मला काढायचा नाही. मी ते अजूनही करतो, साखर घालूनच. परंतु लोणी चोळताना एवढे कळते, की ‘परंपरा’ म्हणून समोर येणारा हा पदार्थ जेमतेम दीड-दोनशे वर्षांचा आहे. त्याच्या आत एक जुना, फिका, जवाचा स्कोन दडलेला आहे आणि या दोहोंच्या मधे समुद्र आहे. वर्गात आपण विद्यार्थ्यांना संहितेतील मौन ऐकायला शिकवतो. त्यासाठी दर वेळी कादंबरीच हवी असे नाही. घरातली पाककृतींची वहीही पुरते.