लाल बॅटरी आणि डायनामोचं भूत

आज डॅशबोर्डवरच्या त्या लाल बॅटरीविषयी. ती पेटली की कुणीतरी हमखास सुचवतं, "इंजिन चालू ठेव आणि बॅटरीचं टर्मिनल काढ. गाडी बंद पडली तर डायनामो गेला." कृपया असं करू नका. गंमत म्हणजे आजच्या गाडीत डायनामो नसतोच, असतो अल्टरनेटर. नाव जुनं राहिलं, तशी टेस्टही.

1912 मध्ये कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा सेल्फ-स्टार्टर आला. हँडल मारणं सुटलं, पण बॅटरी सतत भरत ठेवणं मागे लागलं. पुढची कित्येक दशकं ते काम डायनामोने केलं. त्यात वीज तयार करणारी कॉइलच फिरते, म्हणून सगळा करंट ब्रशमधून बाहेर काढावा लागतो. शिवाय इंजिन आयडलिंगला आलं की चार्जिंग जवळपास थांबतं. पावसाळी रात्र, हेडलाइट, वायपर आणि ट्रॅफिक, म्हणजे बॅटरीची वाटच.

अल्टरनेटरने रचना उलटी केली: चुंबक फिरतं, वीज देणारी कॉइल जागेवर. पण बाहेर येते एसी आणि बॅटरीला हवी डीसी. छोटे, परवडणारे सिलिकॉन डायोड आल्यावरच हे जमलं, आणि क्रायस्लरने 1960 च्या व्हॅलियंटमध्ये अल्टरनेटर स्टँडर्ड दिला. म्हणजे खरा हिरो सेमीकंडक्टर! (इंजिनिअर आहे, एवढा पक्षपात चालवून घ्या.)

डायनामोच्या काळात टर्मिनल काढून बिघडण्यासारखं इलेक्ट्रॉनिक्स गाडीत फारसं नव्हतं. आज बॅटरी विजेचे झटके पचवत असते. चार्जिंग चालू असताना ती अचानक सुटली, तर व्होल्टेज क्षणभर शंभरच्या आसपास उसळू शकतं. डायोड, रेग्युलेटर, ईसीयू, काहीही जाऊ शकतं.

मग तपासायचं कसं? इंजिन बंद ठेवून चावी फिरवा. लाल दिवा लागलाच पाहिजे. बऱ्याच जुन्या अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्या दिव्यातूनच मिळतो, त्यामुळे दिवा लागत नसेल तर आधी बल्ब आणि वायर बघा. मग साधा मल्टिमीटर थेट बॅटरीवर लावा. इंजिन बंद असताना साधारण 12.6 व्होल्ट, चालू केल्यावर 13.8 ते 14.5. हेडलाइट लावून थोडी रेस दिली तरी आकडा 12 कडेच घसरत असेल, तर आधी बेल्ट, मग टर्मिनलवरचा गंज आणि अर्थिंग, आणि सगळ्यात शेवटी अल्टरनेटर. नव्या काही गाड्यांत मात्र ईसीयू मुद्दाम व्होल्टेज खाली ठेवतो; तिथे मॅन्युअल बघितल्याशिवाय अल्टरनेटर बदलायला होकार देऊ नका.