सिंधूचा गळा

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण रससूत्रापाशी थांबलो होतो. त्यानंतर एक प्रश्न आला तो असा: संगीत नाटकात प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी येतं ते गोष्टीमुळे की गाण्यामुळे? ‘दोन्हींमुळे’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे. आपण तसं न करता एकच नाटक धरू, ‘एकच प्याला’.

थोडी पूर्वपीठिका. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ आणलं आणि 1882 साली ‘सौभद्र’. ‘सौभद्र’मध्ये पात्रं बोलता बोलता गातात. साकी, दिंडी ही वृत्तं लोकांना कीर्तनातून ओळखीची होती. त्यामुळे सुभद्रा रुसली काय, अर्जुन हळहळला काय, प्रेक्षक मजेत होता. सगळं गोड होणार हे त्याला माहीत होतं. तिथे गाणं म्हणजे संवादाचाच जरा नटलेला अवतार. आम्हाला ‘सौभद्र’ फार आवडतं, पण ते कोणाला रडवत नाही आणि रडवावं अशी त्याची इच्छाही नाही.

1919 साली गंधर्व नाटक मंडळीने ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणलं. राम गणेश गडकरी त्याच वर्षी जानेवारीत गेले, त्यांना प्रयोग पाहायला मिळालाच नाही. पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांनी रचली. गणपतराव बोडस सुधाकर झाले आणि बालगंधर्व सिंधू.

आता या नाटकात कोण बोलतं आणि कोण गातं ते पाहा. सुधाकर बोलतो. दारूबद्दलची त्याची ती लांबलचक भाषणं गद्यात आहेत, आणि ती म्हणून दाखवणारे लोक अजून भेटतात. तो वकील आहे, त्याच्याकडे शब्द आहेत, युक्तिवाद आहे, स्वतःच्या नाशाचंही समर्थन आहे. सिंधूजवळ यातलं काय आहे? नवऱ्याला उलट उत्तर द्यायचं नाही, माहेरी जायचं नाही, लोकांचं दळण दळून घर चालवायचं. तिने युक्तिवाद केला तर ती गडकऱ्यांची सिंधूच राहत नाही. म्हणून ती गाते. जे वाक्य तिला बोलायची मुभा नाही ते सुरात सांगते. आमच्या मते प्रेक्षक हेलावतो तो इथे. गाणं गोड असतं म्हणून नव्हे. त्या पात्राला दुसरी वाटच उरलेली नसते, म्हणून.

पण गोष्ट इथे संपत नाही. त्या काळी पदं बहुधा आधीच्या चालीवर बांधत. ‘एकच प्याला’मधल्या काही पदांच्या चाली सुंदराबाई जाधवांकडून आल्या. सुंदराबाई म्हणजे पुण्याच्या, बैठकीत गझल, ठुमरी, लावणी गाणाऱ्या, ग्रामोफोनच्या तबकड्यांनी घराघरांत पोचलेल्या. तेव्हाच्या पांढरपेशा घरात अशा बाईची तबकडी चाले. ती बाई मात्र माजघरात चालली नसती. तिच्या गळ्यातली आर्त चाल आली पतिव्रता सिंधूच्या तोंडी, आणि ती सिंधू उभी केली एका पुरुषाने. गंधर्वांचं मोठेपण यात रतीभरही कमी होत नाही. तो हळवा, लडिवाळ स्वर त्यांचाच. तरी प्रश्न राहतो: थिएटरात लोक रडले ते कोणाच्या आवाजाला?

भट्टनायकाने मांडलेली आणि अभिनवगुप्ताने पुढे नेलेली साधारणीकरणाची कल्पना इथे आठवते. रंगमंचावरचं दुःख ना माझं, ना शेजाऱ्याचं, ना नटाचं. ते कोणा एकाचं नसतं, म्हणूनच त्याचा आस्वाद घेता येतो. आम्ही आयुष्यभर हे शिकवलं आणि ते खरं आहे असंच मानतो. सिंधूच्या हालांत लोक ‘वन्स मोअर’ मागत, त्याचा उलगडा एरवी कसा करणार? खरं दुःख पुन्हा एकदा मागायची हिंमत कोण करेल? (हल्ली वन्स मोअर गेला आणि त्याच्या जागी मोबाइल वर झाले. आम्हाला वन्स मोअर परवडत होता.)

पण कोणाचंच नसलेलं दुःख स्वस्तही पडतं. पदर भिजवून घरी गेलेल्या प्रेक्षकाला, ज्या बाईची चाल ऐकून आपण भिजलो तिला याच मंचावर उभं का राहता येत नाही, हा प्रश्न सहसा पडला नाही. मंचावर पुरुष बाई होऊन रडला तर ती कला, आणि बाई बाई म्हणून गायली तर अब्रूचा सवाल! अभिनवगुप्ताचा सहृदय रसिक इथे कुठे बसतो, हे तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी जरूर तपासावं.

पुढे हिराबाई बडोदेकर स्वतः सुभद्रा होऊन उभ्या राहिल्या. सुंदराबाईंना 1939 च्या ‘माणूस’ बोलपटात आईची भूमिका मिळाली. तोवर संगीत नाटकाचा तो पहिला बहर ओसरत आला होता आणि नाटकाची गर्दी बोलपटाकडे वळली होती.