खिळेवाल्या चाकांचा मागोवा

स्वाराच्या डाव्या गुडघ्याला जुन्या टायरचा तुकडा बांधलेला असतो. वळणावर गाडी इतकी आडवी होते की हँडलचं डावं टोक जमिनीशी जातं आणि गुडघा बर्फावर खरडत राहतो. जागतिक स्पर्धेत उतरलेल्या माणसाच्या अंगावर हा भंगारातला ऐवज पाहिला की कळतं, आइस स्पीडवे हा गॅरेजातच लहानाचा मोठा झालेला खेळ आहे.

तळी गोठतात तिथे त्यांच्यावर गाडी घालायची खुमखुमी माणसाला येणारच. ऑस्ट्रियातल्या झेल आम झे इथे १९३७ मध्ये गोठलेल्या तळ्यावर मोटारसायकलमागे दोर बांधून स्कीवर उभ्या असलेल्या माणसाला ओढत नेण्याच्या शर्यती झाल्या. पण ही सगळी मौज झाली. आइस स्पीडवेचं खरं घराणं मातीवरच्या स्पीडवेचं. गाडीला ब्रेक नाहीत, वळायचं फक्त डावीकडे, चार स्वार, चार फेऱ्या आणि गुण ३, २, १, ०. बर्फाने हे सगळं जसंच्या तसं उचललं. बदललं ते चाक.

टायरमधून जेमतेम तीन सेंटिमीटर लांबीचे टोकदार खिळे बाहेर आलेले असतात. मागच्या चाकाला ते शेकड्यांनी, पुढच्याला त्याहून कमी. वळण डावंच, म्हणून खिळ्यांचा भरणाही डाव्या कुशीला. गंमत अशी की मातीवर मागचं चाक मुद्दाम घसरवतात, आणि जिथे कुणीही घसरेल त्या बर्फावर गाडी घसरतच नाही. खिळे रुतत जातात, गाडी पडल्यासारखी दिसते आणि ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने वळण कापते. त्या चाकाखाली दुसरा कुणी सापडू नये म्हणून मडगार्ड चाकाला जवळजवळ गिळून असतात. कडेला पेंढ्याचे गठ्ठे. चाकाचा हा अवतार बघता एवढ्याने मला तरी धीर येत नाही.

जागतिक अजिंक्यपद १९६६ मध्ये सुरू झालं आणि पहिलाच मान सोव्हिएत संघातल्या उफाच्या गब्द्राखमान कादिरोव्हने नेला. १९७३ पर्यंत त्याने तो सहा वेळा जिंकला. लांब हिवाळा आणि गारठ्यात तासन्‌तास उभे राहणारे प्रेक्षक, दोन्ही सोव्हिएत शहरांत मुबलक. गाडी मात्र चेक. दिविशोवच्या कारखान्यात आधी एसो नावाने आणि पुढे जावा म्हणून ती बनत गेली. ५०० सीसीचं एका सिलिंडरचं फोरस्ट्रोक इंजिन, पोटात पेट्रोलऐवजी मिथेनॉल. म्हैसूरच्या कारखान्यातून निघालेली आणि पुढे येझदी झालेली आपली टू-स्ट्रोक जावा नात्याने हिची चुलत बहीण लागते. स्वभाव अजिबात जुळत नाही.

अजिंक्यपदावरची सोव्हिएत आणि पुढे रशियन स्वारांची मक्तेदारी अधूनमधूनच मोडली. स्वीडनचा पेर-ओलोफ सेरेनियस हा पेशाने आगीचा बंब चालवणाऱ्यांपैकी, म्हणजे अग्निशामक. १९९५ मध्ये तो जिंकला आणि मग २००२ मध्ये पुन्हा, वयाच्या ५४ व्या वर्षी! त्यानंतर निकोलाय क्रास्निकोव्हने २००५ पासून सलग आठ वर्षं कुणाला जवळ फिरकू दिलं नाही.

२०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला आणि रशियन स्वारांना आंतरराष्ट्रीय शर्यती बंद झाल्या. त्यांच्याबरोबर तोल्यात्तीसारखी उघड्यावर बर्फ धरणारी मैदानंही गेली. २०२४ चा अजिंक्यपदाचा निकाल दोनच गावांत लागला: मार्चमध्ये जर्मनीतलं इंझेल, एप्रिलमध्ये नेदरलँड्समधलं हीरेनवीन. जिंकला स्वीडनचा मार्टिन हाराहिल्तुनेन. दोन्हीकडे बर्फ यंत्राने गोठवलेला आणि मुळात स्केटिंगसाठी राखलेला. हीरेनवीनच्या थिआल्फमध्ये सेकंदाच्या शंभराव्या भागासाठी झगडणारे स्केटर हिवाळाभर आरशासारख्या पृष्ठभागावर धावतात. त्यांचा हंगाम आटोपला की खिळेवाल्यांना आत घेतात. तो बर्फ तसाही वितळवायचाच असतो.