इसार कोणाला बांधतो? सत्यंकारापासून नागपूरच्या टोकनापर्यंत

१/ नागपुरात फ्लॅट किंवा प्लॉट पाहायला गेलेल्या कुटुंबाला एजंट हमखास सुचवतो की आज थोडे टोकन देऊन ठेवा, नाहीतर हा सौदा हातचा जाईल. ग्राहकाचा शब्द पक्का करण्याची ही रीत आधुनिक भासते. प्रत्यक्षात तिचा इतिहास दीड हजार वर्षांहून जुना आहे आणि त्यातली एक महत्त्वाची अट आपण विसरलो आहोत.

२/ संस्कृतात इसाऱ्याला ‘सत्यंकार’ म्हणत, म्हणजे बोललेले खरे करून दाखवणारी वस्तू. अमरकोशात हा शब्द आहे. त्यापासूनच जुन्या मराठीतला ‘संचकार’ आला. पुढे इसार, विसार, बयाणा हे शब्द रुळले.

३/ याज्ञवल्क्यस्मृती सांगते की सत्यंकार म्हणून घेतलेले द्रव्य दुप्पट परत करावे लागेल. कोणी आणि केव्हा? याचा खुलासा कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरे’त केला. त्याचे उदाहरण अंगठीचे आहे. अंगठी देणाऱ्याने सौदा मोडला, तर ती गेली. घेणाऱ्याने मोडला, तर त्याने दुप्पट द्यावे.

४/ हाच न्याय दूर रोमन जगातही दिसतो. सहाव्या शतकातील सम्राट जस्टिनियनच्या कायद्यानुसार खरेदीदार फिरला तर इसार बुडे आणि विक्रेता फिरला तर त्याला दुप्पट भरावी लागे. दोन्ही परंपरांचे मर्म एकच होते: इसार दोघांनाही बांधतो.

५/ इंग्रजी अमलात हा तोल बदलला. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ नुसार केवळ विक्रीच्या कराराने मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. १९२६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ठरवले की सौदा पार पडला तर इसार किमतीत धरावा आणि खरेदीदाराच्या दोषाने मोडला तर तो जप्त व्हावा. दुपटीचा जुना नियम मात्र कायद्यात उरला नाही.

६/ मग जप्ती किती रकमेची? फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास या १९६३ च्या खटल्यात सौदा १,१२,५०० रुपयांचा होता. खरेदीदाराने इसार म्हणून १,००० आणि नंतर २४,००० रुपये दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने इसाऱ्याचे १,००० रुपये जप्त होऊ दिले, २४,००० रुपयांची जप्ती मात्र मान्य केली नाही. प्रत्येक आगाऊ रक्कम म्हणजे इसार नव्हे.

७/ त्याच वर्षी महाराष्ट्राने मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा केला. आगाऊ रक्कम घेण्यापूर्वी लेखी करार हवा आणि ती रक्कम किमतीच्या २० टक्क्यांहून अधिक नको, असे बंधन बिल्डरवर आले.

८/ नागपूरची जखम वेगळी होती, ती प्लॉटची. १९३६ च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास उभा राहिला, तरी शहराच्या कडेला मंजुरीविना ले-आउट पडत राहिले. अनेकांनी आयुष्याची पुंजी देऊन हाती घेतला तो केवळ एक करारनामा. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने अशा वसाहतींना नियमित होण्याची वाट दिली. ‘५७२’ आणि ‘१९००’ ले-आउट हे आकडे नागपूरकरांच्या बोलण्यात आजही आहेत. येथे ग्राहकाने शब्द पाळला होता. मोकळी राहिली ती समोरची बाजू.

९/ २०१६ च्या रेरा कायद्याने तोल सावरण्याचा प्रयत्न केला. नव्या प्रकल्पात नोंदणीकृत कराराआधी १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. रेराखालील प्रकल्पांची विक्री करणाऱ्या एजंटालाही नोंदणी सक्तीची आहे. आणि सर्वांत अर्थपूर्ण तरतूद व्याजाची: ग्राहक चुकला तर त्याला जो दर लागेल, तोच दर बिल्डर चुकल्यास त्यालाही लागतो. विज्ञानेश्वराची अंगठी जणू नव्या रूपात परतली.

१०/ म्हणून ग्राहक पक्का करण्याचा सर्वांत जुना उपाय घाई लावण्याचा नाही. एजंटाने सातबारा किंवा आखीव पत्रिका, ले-आउटची मंजुरी आणि रेरा क्रमांक आधी दाखवावा. इसारचिठ्ठीत मुदत लिहावी आणि विक्रेता फिरला तर तो काय देईल, हेही लिहावे. समोरचाही बांधला गेला आहे हे दिसले, की माणूस आपला शब्द सहसा मोडत नाही.

तुमच्या घरच्या जुन्या कागदांत एखादी इसारपावती असेल, तर ती आज जरूर वाचा. तिच्यात बांधले कोण गेले आहे, एकजण की दोघे?