बाळाचे दात : आराम औषधांविना, जुलाबांकडे मात्र लक्ष हवे

बाळाला दात येऊ लागले, की ते चिडचिडे होते, लाळ गळते आणि हाती लागेल ती वस्तू तोंडात जाते. हा त्रास बहुधा औषधाविना आटोक्यात राहतो. मात्र याच काळात होणारे जुलाब ‘दातांचे’ समजून अंगावर काढणे बाळाच्या जिवावर बेतू शकते.

दात केव्हा येतात?
पहिला दात साधारणतः सहाव्या महिन्याच्या सुमारास दिसतो. काहींना तो चौथ्या महिन्यात, तर काहींना वर्षाच्या आसपास येतो. बहुधा खालचे मधले दोन दात आधी येतात. अडीच ते तीन वर्षांपर्यंत दुधाचे २० दात पूर्ण होतात. प्रत्येक दाताच्या वेळी होणारा त्रास काही दिवसांपुरताच असतो.

घरच्या घरी उपाय
- हात साबणाने धुऊन स्वच्छ बोटाने हिरड्या हलकेच चोळाव्यात.
- स्वच्छ सुती फडके उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवावे, पिळून थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवावे व चावायला द्यावे.
- रबरी चावणे गार करून द्यावे. बर्फासारखे गोठवू नये, हिरड्यांना इजा होते. ते दोरीने गळ्यात बांधू नये.
- लाळ वारंवार टिपावी, म्हणजे हनुवटीवर पुरळ उठत नाही.
- स्तनपान चालू ठेवावे. बाळाला कडेवर घेणे, खेळवणे यानेही ते शांत होते.

खारीक वा भाकरीचा कडक तुकडा चघळायला देण्याची रीत जुनी आहे. पण तुकडा मोडून घशात अडकू शकतो. हिरड्यांना मध चोळणेही टाळावे. एक वर्षाखालील बाळाला मध धोक्याचा असतो.

जेल व सिरप का नको?
बेंझोकेन असलेल्या जेलमुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटू शकते. त्यामुळे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दोन वर्षांखालील बालकांसाठी अशा जेलची विक्री थांबविण्यास सांगितले. त्याच वर्षी दात येण्यासाठीच्या मण्यांच्या माळांबाबतही, गळफास व गुदमरण्याच्या धोक्यामुळे, इशारा देण्यात आला. नायजेरियात २००८-०९ मध्ये दातांच्या भेसळयुक्त सिरपने ८० हून अधिक बालकांचा बळी घेतला.

जुलाब दातांमुळे नव्हेत
सहा महिन्यांनंतर आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरू लागते, वरचे अन्न सुरू होते आणि जमिनीवरच्या वस्तू तोंडात जातात. जंतुसंसर्ग व दात यांची गाठ त्यामुळे एकाच वेळी पडते. जुलाब सुरू होताच उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात ओआरएसचे पाकीट विरघळवून घोट घोट द्यावे, दूध बंद करू नये. झिंकची मात्रा डॉक्टर वा आशा कार्यकर्तीला विचारून द्यावी.

डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, शौचात रक्त दिसले, बाळ सुस्त पडले अथवा ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर गेला, तर रुग्णालय गाठावे. धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर हे ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात उद्ध्वस्त झालेले गाव. तेथील स्पर्श ग्रामीण रुग्णालय आज परिसरातील कुटुंबांना जवळचे आहे. शहरात तर दवाखाना हाकेच्या अंतरावर असतो. दात येऊन स्थिरावण्याची वाट पाहत उपचार लांबवू नयेत.